गाव नंतर, आधी जहाज

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचा मुलगा टोरंटोला असतो आणि त्याचं लग्न ठरलं आहे. मुलीचं घराणं मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या बर्बीस भागातलं, आडनाव पर्सॉड. घरात हनुमानाची पूजा होते, लग्नही होमासमोरच हवं म्हणतात. पण भारतातलं गाव कोणतं, कूळ कोणतं असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मुलीच्या मामांनी जॉर्जटाउनच्या अभिलेखागारातून तिच्या खापरपणजोबांच्या पासची, म्हणजे मजूर म्हणून जहाजावर चढताना मिळालेल्या कागदाची, झेरॉक्स काढून आणली आहे. त्यावर जिल्हा शहाबाद, थाना डुमराव आणि गाव ‘रामपोर’ असं काहीसं वाचता येतं. ताईंचा अंदाज असा, की शहाबाद म्हणजे आपलं शहाबादी फरशीचं, गुलबर्ग्याजवळचं. मग ही मंडळी आपल्याच बाजूची निघाली तर? गाव सापडेल का? आणि त्यांच्या लग्नात काय-काय असतं, म्हणजे आपली फजिती व्हायला नको?

शहाबादी फरशी आधी उचलून बाजूला ठेवू. पासवरचा शहाबाद हा बिहारमधला, इंग्रजी अमदानीतला जिल्हा. त्या नावाचा जिल्हा आज तिथे नाही. १९७२ मध्ये त्याचे भोजपूर आणि रोहतास असे दोन तुकडे झाले. पुढे १९९१ मध्ये भोजपूरमधून बक्सर आणि रोहतासमधून कैमूर वेगळा निघाला. डुमराव आज बक्सर जिल्ह्यात येतं, पाटण्याहून मुघलसरायकडे जाणाऱ्या लोहमार्गावर. उस्ताद बिस्मिल्ला खाँ तिथेच जन्मले, म्हणजे सनईच्या मुलखातली सोयरीक आहे असं समजा. बक्सरकडून कॅरिबियनला माणसं गेली याची आठवण तिकडे ताजी आहे. त्रिनिदादच्या कमला प्रसाद-बिसेसर पंतप्रधान असताना, जानेवारी २०१२ मध्ये, याच जिल्ह्यातल्या भेलूपूरला पणजोबांच्या गावी येऊन गेल्या.

आपल्या बाजूची माणसं गिरमिटात, म्हणजे मळ्यांवरच्या मजुरीच्या करारावर, गेली नाहीत असं नाही. पण ती गेली मुंबई बंदरातून मॉरिशसला, आणि त्यांत कोकणातली बरीच. तिथे आजही गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. कॅरिबियनकडची जहाजं मुख्यतः कलकत्त्याहून आणि मद्रासहून सुटायची. ग्वादलूप-मार्टिनिक या फ्रेंच बेटांसाठी पाँडिचेरी-कारैकालहूनही. त्यामुळे तिथल्या कागदांत मराठी मूळ शोधायला निघालेल्यांची बहुतेक वेळा फसगत होते. एकदा एका गृहस्थांनी मला चार पानी पत्र धाडलं होतं, की सुरुवातीच्या जहाजांवर धनगर होते याचा लेखी पुरावा सापडला आहे, आता समाजाच्या मेळाव्यात तो मांडायचा. शब्द खरंच होता, ‘धांगर’. पण त्या काळी कलकत्त्यात धांगर म्हणत ते छोटा नागपूरच्या डोंगरातून मजुरीला खाली उतरणाऱ्या उराँव वगैरे आदिवासींना. मेंढरांशी त्याचा काही संबंध नाही. गृहस्थ बरेच दिवस माझ्यावर नाराज होते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण तिच्याशिवाय पास वाचता येत नाही. इंग्रजांच्या वसाहतींत गुलामगिरी कायद्याने १ ऑगस्ट १८३४ ला संपली. मोकळ्या झालेल्या माणसांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी चार वर्षं मळ्यांना बांधून ठेवलं, तेही १८३८ मध्ये सुटलं. उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. जॉन ग्लॅडस्टन या मळेवाल्याने (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन ते याचेच चिरंजीव) कलकत्त्याहून माणसं मागवली, आणि ५ मे १८३८ ला ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही दोन जहाजं ब्रिटिश गयानात पोचली. त्रिनिदादचं पहिलं जहाज ३० मे १८४५ चं, सुरीनामचं ‘लल्ला रूख’ ५ जून १८७३ चं. हे तिन्ही दिवस तिथे आजही साजरे होतात, आणि सूनबाईंच्या घरी ५ मेला काहीतरी गोडधोड असणारच. १९१७ मध्ये भरती थांबेपर्यंत गयानात सुमारे २ लाख ३९ हजार, त्रिनिदादमध्ये सुमारे १ लाख ४४ हजार आणि सुरीनामात ३४ हजारांवर माणसं उतरली होती. शिवाय जमैका आणि इतर लहान-मोठी बेटं.

करार पाच वर्षांचा. मजुरी ठरलेली, मळा ठरलेला, आणि कागदाशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकलं तर तुरुंग. हा शेवटचा मुद्दा फार थोड्यांना माहीत असतो. कामावर न जाणं हा मालक-मजुरातला वाद नव्हता, फौजदारी गुन्हा होता. ठरलेली वर्षं काढली की परतीच्या प्रवासाचा हक्क मिळे. गयाना आणि सुरीनाममधून साधारण तिसरा हिस्सा परतलाही. त्रिनिदादने १८६९ पासून परतीच्या तिकिटाऐवजी जमिनीचा तुकडा देऊ केला आणि बरेच तिथेच रुजले.

आता पास. दिसायला छापील फॉर्म, त्यात कारकुनाने टाकाने भरलेल्या रिकाम्या जागा. पुरुषाचा वेगळा, बाईचा वेगळा. वर डेपोतला (जहाज सुटेपर्यंत मजुरांना ठेवत त्या तळावरचा) क्रमांक, जहाजाचं नाव, जहाजावरचा क्रमांक. मग नाव, बापाचं नाव, वय, जात, जवळच्या नातेवाइकाचं नाव, लग्न झालं असेल तर जोडीदाराचं. मग जिल्हा, थाना, गाव. खाली उंची फूट-इंचात, आणि अंगावरच्या खुणा. माणूस पळाला तर ओळखता यावा म्हणून या खुणा. डाव्या नडगीवर व्रण, कपाळावर देवीचे वण, बाईच्या हातावर गोंदण. शेवटी डॉक्टरची सही, की या इसमाला कसलाही रोग नाही आणि देवीची लस टोचली आहे. ज्या खापरपणजोबांचा एकही फोटो घरात नाही, त्यांच्या नडगीवरचा व्रण मात्र आपल्याला माहीत होतो. मी शेकडो पास पाहिलेत, तरी त्या रकान्यापाशी अजून थबकतो.

पण या कागदावर सगळीकडे सारखा विश्वास ठेवायचा नसतो. माझा अनुभव असा: थाना आणि बापाचं नाव बहुतेक वेळा बरोबर. गाव अर्धंमुर्धं बरोबर. वय अंदाजपंचे. जात सगळ्यात कच्ची.

वयाचं कारण सरळ आहे, कुणालाच माहीत नसायचं. शिवाय मळेवाल्यांना तरुण हवे असत, तेव्हा आरकाटी चाळिशीच्या माणसाला ‘तीस सांग’ म्हणून पढवून आणायचा. आरकाटी म्हणजे भरती करणारा दलाल. स्टेशनावर, मेळ्यात, धर्मशाळेत कामाच्या शोधात हिंडणारं माणूस हेरायचं आणि ‘टापू’वर, म्हणजे बेटावर, चांगलं काम आहे म्हणून गळाला लावायचं. भोजपुरीत त्या मुलखांची नावंही कशी लाघवी झाली होती: त्रिनिदादचं चिनीदाद, गयानातल्या डेमेराराचं डमरा, आणि सुरीनामचं तर श्रीराम देश. चिनी चाळायची, श्रीरामाच्या देशात जायचं, असं सांगितल्यावर कोण नाही म्हणेल? सगळेच फसून गेले असं मात्र मी म्हणणार नाही. दुष्काळ, कर्ज, भाऊबंदकी, सासुरवास यांना कंटाळून डोळे उघडे ठेवून निघालेलेही पुष्कळ होते. बायकांत तर नवरा किंवा घरचं कुणी सोबत नसलेल्या खूप होत्या. कायद्याने शंभर पुरुषांमागे चाळीस बायका भराव्या लागत, त्यामुळे एकट्या बाईला आरकाट्याच्या लेखी जास्त भाव असायचा. वंशज मंडळी एकट्या आलेल्या पणजीची गोष्ट सांगताना अजून आवाज खाली आणतात. तुम्ही खोदून विचारू नका.

जातीचं गणित वेगळं. मळ्यांना शेतीची सवय असलेले हात हवे होते. हात मऊ असलेला ब्राह्मण डेपोत नाकारला जायची भीती, म्हणून तो अहीर किंवा कुर्मी म्हणून नाव लावी. उलट तिकडे पोचल्यावर पुरोहितांचा तुटवडा, मग दुसराच कुणी ‘महाराज’ होई. जहाजावर सगळ्यांना एकच भात, एकच डाळ, एकाच पंगतीत. काळं पाणी ओलांडल्यावर सोवळं राहिलंच कुठे? तेव्हा पासवरची जात घेऊन कुंडली मांडायला बसू नका. व्याह्यांना ‘तुमची जात कोणती’ असं तर विचारूच नका. प्रश्न आगाऊ वाटेल म्हणून नव्हे, त्यांच्याकडे त्याचं उत्तरच नाही म्हणून. आणखी एक सावधगिरी: ‘कुली’ हा शब्द इकडे स्टेशनावरच्या हमालासाठी सहज तोंडात येतो, तिकडे ती शिवी आहे. फलाटावरचा किस्सा सांगतानासुद्धा जपा.

आडनावाचंही तेच. पर्सॉड म्हणजे प्रसाद. गयानात ‘पर्सॉड’, त्रिनिदादमध्ये ‘पर्साद’. इंग्रज कारकुनाच्या कानावर जसं पडलं तसं लिहिलं गेलं. गेलेल्या माणसांना आडनाव नव्हतंच. रामप्रसाद असं एकच नाव होतं, त्याचं कागदावर ‘राम पर्सॉड’ झालं आणि दुसरा तुकडा पोराबाळांना चिकटला. उद्या तुमच्या पणजोबांच्या ‘गणपतराव’मधला ‘राव’ तोडून पतवंडांच्या पासपोर्टवर लावला तर जे होईल ते. त्यामुळे दोन पर्सॉड एकमेकांचे कुणी लागत असतीलच असं नाही, आणि आडनावावरून गाव शोधणं तर सपशेल व्यर्थ. क्रिकेटच्या नावांकडे बघा, सगळी कोडी सुटतात: कालीचरण, चंद्रपॉल म्हणजे चंद्रपाल, नरीन म्हणजे नारायण, कन्हाय म्हणजे आपला कन्हैया. कुणाचं तरी पहिलं नाव होतं, ते घराण्याचं झालं.

क्रिकेट निघालंच आहे तर सांगतो. रोहन कन्हाय बर्बीसमधल्या पोर्ट मुरांटचे, म्हणजे तुमच्या व्याह्यांच्याच मुलखातले. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते त्यांच्यावरून. आणि त्रिनिदादच्या एका बापाने मुलाचं नाव सुनील ठेवलं ते गावसकरांवरून, तो सुनील नरीन. पहिल्या भेटीत बोलायला विषय सुचेना तर हा काढा, तासभर निघून जाईल.

आता मुद्द्यावर येतो. गाव शोधायची घाई करू नका, आधी जहाज पक्कं करा. कारण एकाच जहाजावर एकाच नावाचे तिघे-चौघे असतात, आणि एकच जहाज वर्षानुवर्षं फेऱ्या मारतं. जेम्स नॉर्स यांच्या कंपनीच्या जहाजांना नद्यांची नावं होती: गँजिस, जमना, एल्ब. ‘आमचे आजोबा गँजिसवरून आले’ एवढ्याने काही होत नाही. कोणत्या साली आणि जहाजावरचा क्रमांक किती, हे हवं. गयानातल्या जुन्या जन्मनोंदींत आईबापांच्या नावापुढे अनेकदा जहाज, साल आणि क्रमांक लिहिलेला सापडतो. मामांना सांगा, पासवरच समाधान मानू नका. खापरपणजोबांच्या थोरल्या मुलाची किंवा मुलीची जन्मनोंद काढा आणि दोन्हींवरचा क्रमांक जुळतो का बघा. जुळला तर पास आपला. नाही जुळला तर तो दुसऱ्याच कुणा माणसाचा.

हे मी इतकं घोळवून सांगतोय त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी त्रिनिदादच्या एका कुटुंबासाठी मी गाझीपूरकडचं एक गाव काढून दिलं. नाव जुळलं, बापाचं नाव जुळलं, गाव नकाशावर होतं. मंडळी आली, साठीच्या बाई आणि त्यांचे दोन भाऊ. गावकऱ्यांनी गेंद्याच्या माळा घातल्या, एका म्हाताऱ्या काकींनी त्या बाईंच्या तोंडावरून हात फिरवला, दोन्हीकडे रडारड. दीड वर्षाने त्यांच्याच एका चुलतभावाने जहाजाच्या नोंदवहीतलं पान पाठवलं. क्रमांक वेगळा. आम्ही वाचलेला पास त्याच जहाजावरच्या त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचा होता, आणि खरं गाव तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. चूक सर्वस्वी माझी. क्रमांक ताडून पाहायचा कंटाळा केला. बाईंना कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, काकींना सांगू नका. त्या काकींना दर दिवाळीला फोन करत राहिल्या. खऱ्या गावी मात्र कधी गेल्या नाहीत.

जहाजाला इतकं महत्त्व त्या लोकांनी स्वतःही दिलं होतं. गाव सुटलं, भाऊबंद सुटले, जात पातळ झाली. उरलं ते तीन महिन्यांच्या प्रवासातलं सोबत असणं. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणारा हा प्रवास साधा नव्हता. १८५६-५७ च्या हंगामात कलकत्त्याहून कॅरिबियनला निघालेल्यांपैकी सुमारे १७ टक्के वाटेतच गेले. त्यातून जे उतरले ते एकमेकांचे ‘जहाजी’ झाले: जहाजी भाई, जहाजी बहीण. हे नातं रक्ताच्या नात्यासारखं पाळलं जाई, इतकं की जहाजी भावाच्या मुलीशी आपल्या मुलाचं लग्न जुळवत नसत. तुम्ही ज्याला कूळ म्हणता त्याच्या जवळपास जाणारं त्यांच्याकडे काही असेल तर ते हे. कूळ विचारण्याऐवजी ‘तुमचं जहाज कोणतं’ असं विचारून बघा. घरातले म्हातारे सरसावून बसतील.

क्रमांक जुळला असं धरून पुढे जाऊ. पासवर दोन ठिकाणं असतात हे लक्षात ठेवा, एक नोंदणी झाली ते आणि एक राहण्याचं. शहाबादचा माणूस कामासाठी भटकत दुसऱ्याच जिल्ह्यात किंवा थेट कलकत्त्यात भरती झालेला असू शकतो. आपल्याला राहण्याचं हवं. डुमराव थान्याच्या जुन्या हद्दीत आज दोन-तीन पोलीस ठाणी असू शकतात, त्या सगळ्या हद्दीतली रामपूर, रामपुरा, रामपूर-अमुक अशी गावं जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतून काढायची. बिहारमध्ये रामपूर म्हणजे आपल्याकडचं पिंपळगाव, दर पाच कोसांवर एक.

मग खतियान. आपल्याकडे सातबारा तसं बिहारात खतियान. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोजणीत तयार झालेल्या या कागदात रयतेचं नाव, बापाचं नाव, जात, राहण्याचं गाव असतं. गेलेला माणूस त्यात सापडणार नाही, तो आधीच गेलेला. शोधायचा त्याचा भाऊ. पासवर जवळचा नातेवाईक म्हणून जे नाव असतं ते बहुधा बापाचं किंवा भावाचं असतं. तेच नाव तेच बापाचं नाव लावून एखाद्या रामपूरच्या खतियानात आलं, की गाव सापडलं म्हणायचं. भूमिहीन घरातला माणूस असेल तर खतियान मुकं राहतं आणि काम अवघड होतं. गयेच्या पंड्यांच्या वह्या हा दुसरा रस्ता. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे असतात तशाच, पण त्यातही ज्यांच्या घरचं कुणी गयेला जाऊ शकलं त्यांचीच नावं.

गावात गेलात तर पहिल्या दिवशी कागद काढू नका. परदेशातून वंशज आले म्हटलं की भाऊबंदांच्या मनात पहिला विचार येतो तो जमिनीचा, वाटा मागायला आले की काय. मी नेहमी आधी शाळेत किंवा देवळात जातो, म्हाताऱ्यांशी गप्पा मारतो. ‘तुमच्या घरातलं कुणी टापूला गेलं होतं का’ एवढंच विचारतो. काही घरांत ही आठवण असते, आणि काही घरांत तर परतून आलेल्याचीही असते, ज्याला गावाने पुन्हा पंगतीत घेतलं नाही.

लग्नाबद्दल विचारलं आहे, ते मला खरं तर सगळ्यात आवडीचं. फजिती व्हायचं कारण नाही, उलट तुम्हाला बरंच ओळखीचं भेटेल. आदल्या एक-दोन रात्री ‘मटिकोर’ असतं. बायका वाजत-गाजत जातात, जमीन पूजून कुदळीने माती खणतात आणि ती लग्नाच्या वेदीसाठी आणतात. गयानाच्या बोलीत याला ‘डिग डटी’ असंही म्हणतात, माती खणणं. हा कार्यक्रम बायकांचा. गाणी बऱ्यापैकी चावट असतात आणि सत्तरीच्या आज्या त्यात पुढे असतात. तुम्ही तोंडाला पदर लावून कोपऱ्यात बसलात तर ओढून नाचायला नेतील. वाद्य कोणतं, तर ताशा. नावही तेच. मातीच्या किंवा धातूच्या भांड्यावर बकऱ्याचं कातडं, दोन काठ्या, सोबत मोठा ढोल आणि झांज. मोहरमच्या ताबुतांबरोबर तो तिकडे गेला आणि हिंदूंच्या लग्नात येऊन बसला. कातडं ताणावं म्हणून वाजवण्याआधी जाळावर शेकतात. पुण्यात मिरवणुकीच्या आधी ताशेवाले कागदं पेटवून शेकताना तुम्ही पाहिलं असेल, तीच धग.

हळद आहेच, तिला ‘हरदी’ म्हणतात. बांबूचा मंडप असतो. लाह्या आहेत, आपल्या लाजाहोमातल्या, त्यांच्याकडे ‘लावा’. शेवटी नवऱ्या मुलापुढे खिचडीचं ताट येतं आणि मनासारखी भेट मिळेपर्यंत त्याने घास घ्यायचा नाही. तुमच्या मुलाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर भुकेपोटी लगेच खायला लागेल आणि सगळे हसतील. जेवण ‘सात करी’चं: भोपळा, वांगं, कटहर, आळकुड्या, आंब्याचं लोणच्यासारखं, पालेभाजी वगैरे सात प्रकार, डाळ-भाताबरोबर. वाढतात कमळाच्या जातीच्या मोठ्या गोल पानावर. त्या पानाला तिकडे ‘पुरीन’ म्हणतात. पुरइन हा कमळासाठीचा अस्सल भोजपुरी शब्द, तो शब्द त्या पानावर तसाच टिकलाय. ‘दालपुरी’ मिळेल, ती गूळ नसलेली पुरणपोळी समजा, आणि करीबरोबर खा. लग्नाच्या दिवशी सगळं शाकाहारी असतं, नंतरच्या दिवसाची मी हमी देत नाही.

अंगणात बांबूवर त्रिकोणी झेंडे दिसतील, लाल, पिवळे, पांढरे. त्यांना झंडी म्हणतात. घरात पूजा झाली की त्या देवाच्या रंगाची झंडी रोवतात, लाल हनुमानाची. आपल्या गावाकडे देवळावर निशाण असतं, त्यांच्याकडे प्रत्येक दारात. टोरंटोत, न्यूयॉर्कच्या रिचमंड हिलमध्ये बर्फात रोवलेल्या झंड्या मी पाहिल्यात. त्यांचा फोटो दाखवला तर बक्सरच्या माणसाला लगेच ओळखू येतील. महावीरी, म्हणजे हनुमानाचा, झेंडा तिकडेही दारोदार असतो.

भाषा मात्र गेली. गयाना-त्रिनिदादमध्ये भोजपुरी आता शब्दांपुरती उरली आहे: बैगन, चोखा, तवा, बेलना, ओढणी. सुरीनामात सरनामी म्हणून ती घरात बोलली जाते, अगदी नेदरलँड्सला गेलेल्यांतही. पण नात्यांचे शब्द सगळीकडे टिकले. आईची आई ‘नानी’ आणि बापाची आई ‘आजी’. होय, आजीच. तुम्हाला उद्या नातवंडांनी काय म्हणायचं यावर दोन्ही घरांत एका मिनिटाचाही वाद होणार नाही.

कुणी म्हणेल हे अडकून पडलेलं, जुन्या काळचं भारतीयपण आहे. मला ते पटत नाही. खरं तर ताशा आणि झंडी नेली ती माणसं तिथे भांडलीही. ३० ऑक्टोबर १८८४ ला त्रिनिदादमध्ये सान फर्नांडोच्या वाटेवर मोहरमच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला, कितीतरी माणसं मेली. मिरवणूक मुसलमानांची, चालणाऱ्यांत हिंदूही भरपूर. हिंदू लग्नाला तर त्रिनिदादच्या कायद्याने १९४५-४६ पर्यंत मान्यताच नव्हती, म्हणून जुन्या जन्मदाखल्यांवर पोरांपुढे अनौरस असा शिक्का आणि बापाचा रकाना कोरा. वंशावळ काढताना तिथे पोचलं की मुली-नाती हमखास गप्प होतात. तो कलंक घराण्याचा नाही, कायद्याचा होता, हे मला दरवेळी समजावून सांगावं लागतं.

तुम्हाला मराठी धागा हवाच होता ना? तो जहाजावर नाही, कलकत्त्यातल्या कायदेमंडळात आहे. ४ मार्च १९१२ ला गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ही भरती पूर्ण बंद करण्याचा ठराव तिथे मांडला. मुळातच अन्यायाची, फसवणुकीवर उभी आणि जबरदस्तीवर टिकलेली पद्धत, असं ते म्हणाले. ठराव सरकारने हाणून पाडला, पण हिंदी सभासद एका बाजूला उभे राहिले, आणि पाच वर्षांनी भरती थांबली. १९२० मध्ये इंग्रजांच्या वसाहतींतले उरलेले करारही रद्द झाले. व्याह्यांना गोखले माहीत नसतील, सांगा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत गावाचं पहिलं अक्षर मूळ कागदाच्या घडीवर आलंय. ते रामपूर असेल, पण करमपूर, धरमपूरही असू शकतं, आणि झेरॉक्सवर ते कळायचं नाही. मामा पुन्हा जॉर्जटाउनला जातील तेव्हा मूळ कागदाचा फोटो घ्यायची परवानगी मागू दे. फ्लॅश नको, खिडकीपाशी, घडी सपाट करून. आणि पासची मागची बाजूसुद्धा.